कॉलेज बघायला जायचं तर बुधवारी संध्याकाळी जा

निकाल लागला की माझ्याकडे दोन प्रकारचे पालक येतात. एकाचं म्हणणं, "सर, आता खेळ बास. पोरीला नव्वद टक्के पडलेत." दुसऱ्याचं म्हणणं, "सर, कुठं स्पोर्ट्स कोटा बसतो का बघा की." मी दोघांनाही एकच विचारतो, कॉलेज बघून आलात का? उत्तर ठरलेलं : हो, फॉर्म आणायला गेलो होतो. फॉर्मच्या दिवसांत कुठलंही कॉलेज नवरीसारखं नटलेलं असतं. बघायचं ते आडवारी, कुणी बघायला येणार नाही अशा वेळी.

मी कुठल्या कॉलेजच्या पगारावर नाही. पहाटे साडेपाचला सोलापुरात पोरांना पळवतो, एवढाच माझा धंदा. त्यातली काही पोरं अभ्यासातही पुढं असतात आणि सगळ्यात जास्त घोळ त्यांचाच होतो. ज्याला एकच गोष्ट येते त्याची वाट सरळ असते. दोन्ही येणाऱ्याला प्रत्येक जण आपल्या बाजूला ओढतो. पुढचं सगळं अशा पोरांसाठी आणि त्यांच्या आईवडलांसाठी आहे.

आधी आपली पातळी कागदावर मांडा

"माझा पोरगा लई चांगला खेळतो" याला माप नाही. मापासाठी शिडी माहीत हवी. बारावीपर्यंत तुम्ही शालेय स्पर्धांत १९ वर्षांखालील गटात खेळता : जिल्हा, मग विभाग (आपला पुणे विभाग), मग राज्य, मग राष्ट्रीय. पदवीला गेलात की शिडी बदलते. आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, त्यातून विद्यापीठाचा संघ, सांघिक खेळांत पुढं पश्चिम विभाग आणि मग अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धा. राज्यातल्या विद्यापीठांचा 'अश्वमेध' महोत्सव वेगळा. यांच्या जोडीला आपापल्या संघटनेच्या ज्युनिअर आणि सीनिअर स्पर्धा चालूच असतात.

आता गेल्या वर्षीच्या आंतरविद्यापीठ स्पर्धेचे निकाल काढा आणि शेजारी स्वतःची वेळ, उंची किंवा फेक लिहा. ८०० मीटर दोन मिनिटं पाच सेकंदांत पळणारा पोरगा तालुक्यात हिरो असतो. पण आंतरविद्यापीठची अंतिम फेरी दोन मिनिटांच्या बरीच आत संपते. म्हणून खेळ सोडायचा असं नाही, फक्त फरक किती सेकंदांचा आहे ते कळायला हवं. सांघिक खेळात हे माप मिळत नाही. तिथं तुमच्याशी काहीही नातं नसलेल्या प्रशिक्षकाला खेळ दाखवा आणि विचारा. आपला प्रशिक्षक आपलं वाईट सांगत नाही. मीसुद्धा नाही.

राज्यात पदक असेल किंवा राष्ट्रीयला खेळला असाल, तर कॉलेज निवडताना खेळाला पुढच्या खुर्चीवर बसवा. जिल्हा-विभागापर्यंतच मजल असेल, तर शाखा आणि कॉलेजचा दर्जा आधी बघा. मैदान ही तरीही अट राहील, पण दुसरी.

फाटा फुटतो तो अकरावीला

लोक पदवीच्या कॉलेजसाठी डोकं फोडतात आणि अकरावीचा निर्णय चहा पिता पिता उरकतात. नुकसान तिथंच होतं. नाव एका ज्युनिअर कॉलेजात, पोरगं दिवसभर क्लासमध्ये, याला आपल्याकडे 'इंटिग्रेटेड' म्हणतात. नीट-जेईईसाठी पद्धत सोयीची आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण १९ वर्षांखालील शालेय स्पर्धेची प्रवेशिका कॉलेजच्या नावानं, प्राचार्यांच्या सहीनं जाते. ज्या कॉलेजात मुलंच येत नाहीत, तिथं प्रवेशिका कोण भरणार?

माझ्याकडची एक मुलगी ३००० मीटर पळायची. दहावीला ९४ टक्के. गावाबाहेरच्या अशाच एका ठिकाणी अकरावी घेतली. ऑगस्टमध्ये विचारायला गेली तेव्हा कळलं, नोंदणीची तारीख कधीच उलटून गेली होती. पुढच्या वर्षी परीक्षेचं कारण निघालं. या वयोगटातली हातात असलेली दोन वर्षं कोरडी गेली. तिच्या वडिलांना मी आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, हे माझ्या खात्यावर आहे.

म्हणून अकरावीसाठी दोनच प्रश्न, पण तोंडावर विचारायचे. मागच्या वर्षी तुमच्या कॉलेजकडून माझ्या खेळात किती जणांची प्रवेशिका गेली? आणि क्रीडाशिक्षक पूर्णवेळ आहेत की नुसते कागदावर? २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. त्यामुळे पसंतीक्रम भरायच्या आधीच हे विचारून झालेलं असलं पाहिजे, नंतर फिरणं अवघड.

दहावी-बारावीला खेळाडूंना बोर्डाचे सवलतीचे गुण मिळतात, कामगिरीनुसार जास्तीत जास्त २५. प्रस्ताव शाळा-कॉलेजमार्फत जातो, जिल्हा क्रीडा कार्यालय शिफारस करतं. मिळत असतील तर जरूर घ्या. पण या गुणांनी सीईटीचा पर्सेंटाइल एका काडीनंही हलत नाही. "पंचवीस मार्क आहेत की ओ सर" म्हणून अभ्यास ढिला सोडलेली पोरं मी पाहिलीत.

कॉलेज कुठल्या विद्यापीठाचं, ते बघा

हे कुणी सांगत नाही. म्हणून इथं जरा बसून बोलू.

पदवीला गेल्यावर तुमच्या छातीवर कॉलेजचं नाव थोडेच दिवस असतं, पुढं विद्यापीठाचं येतं. एकाच शहरात शेजारी राहणारी दोन मुलं वेगळ्या संघांतून खेळू शकतात. संगमेश्वर, दयानंद किंवा वालचंदमध्ये बीएस्सी-बीकॉम केलंत तर संघ पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठाचा. सोलापुरातल्याच डॉ. वैशंपायन शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात एमबीबीएसला लागलात तर संघ नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा, म्हणजे निवड चाचणीला राज्यभरातले मेडिकलवाले समोर. शेतकीला गेलात तर राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा. अभियांत्रिकीत तर प्रत्येक कॉलेजचं वेगळं विचारावं लागतं, कारण काही लोणेरेच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठाला जोडलेली आहेत. पुण्यातल्या अभिमत आणि खासगी विद्यापीठांचे स्वतःचे संघ असतात.

याचा हिशोब असा. सोलापूर विद्यापीठ २००४ मध्ये एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झालं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या आवाक्यात पुणे, अहिल्यानगर, नाशिक असे मोठे जिल्हे येतात. पुण्यात संघात शिरायला तिन्ही जिल्ह्यांतल्या पोरांना मागं टाकावं लागतं. इथं एका जिल्ह्यातल्या. म्हणजे मध्यम पातळीच्या खेळाडूला सोलापुरात राहूनच आंतरविद्यापीठ स्पर्धा गाठणं सोपं जाऊ शकतं. पण हेही खेळाखेळावर आहे. खो-खोत हे गणित लावू नका. वेळापूर, वाडीकुरोलीच्या पोरी जिल्ह्यात असताना सोलापूरच्या संघात जागा मिळवणं म्हणजे पुण्यापेक्षा सोपं असं मुळीच नाही.

उलट बाजूही आहे. सरावाला आपल्यापेक्षा जोरात पळणारं कुणी नसेल तर आपण तिथंच थांबतो. ज्याची पातळी इथं आधीच पहिली आहे, त्यानं इथं राहून चार वर्षं एकट्यानं पळण्यात अर्थ नाही. त्यानं पुण्याला जावं, बालेवाडीच्या क्रीडा संकुलात जावं, मोठ्या गटात चौथा-पाचवा होऊन राहावं.

कुस्तीवाल्यांना हे कधीचं ठाऊक आहे. ते आधी तालीम निवडतात, मग तालमीजवळचं कॉलेज. आपल्या मोहोळचा सिकंदर शेख २०२३ मध्ये महाराष्ट्र केसरी झाला, तो घडला कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत. पोहणं, टेनिस, नेमबाजी, जिम्नॅस्टिक्स यांतही तसंच : प्रशिक्षक कॉलेजबाहेर असतो. या खेळांत कॉलेजकडून मागायचं ते फक्त सुट्टी, सही आणि समजूत.

आंतरविद्यापीठ स्पर्धांचे नियम एकदा वाचाच. खेळाडू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावा लागतो. "बाहेरून बीए करतो आणि दिवसभर सराव करतो" हा बेत ऐकायला छान, पण त्यातून विद्यापीठाचा संघ मिळत नाही. वयाचंही बंधन आहे, १ जुलैला १७ ते २५ च्या आत असावं लागतं. नीटसाठी दोन-तीन वर्षं घालवून मग पदवीला येणाऱ्यांनी आपली उरलेली वर्षं बोटांवर मोजून ठेवावीत.

बुधवार, संध्याकाळी पाच ते आठ

आता कॉलेज बघायला जायचं. सोमवारी नको, शनिवारी तर नकोच. मधला वार. कुणाला फोन करून जाऊ नका.

पहिल्यांदा मैदानावर जा, ऑफिसात नको. कोण खेळतंय? कॉलेजची पोरं आहेत की मैदान बाहेरच्या क्रिकेट अकादमीला भाड्यानं दिलंय? लांब उडीच्या खड्ड्यात वाळू आहे की गवत? क्रीडा संचालक मैदानावर आहेत का? असतील तर नुसतं उभं राहून दहा मिनिटं बघा, कुणाला नावानं हाक मारतात, कुणाच्या चुका धरतात. व्यायामशाळेचं कुलूप गंजलेलं असेल तर माहितीपत्रकातला तिचा फोटो विसरून जा.

मग तुमच्याच खेळातल्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या खेळाडूला गाठा. चहा पाजा. पार्क चौकात भेळ खायला घेऊन गेलात तर आणखी बरं. प्राचार्य सांगतात ते धोरण, ही पोरं सांगतात तो कारभार. विचारायचं ते असं : मागच्या स्पर्धेला प्रवासाचे पैसे जायच्या आधी मिळाले की अजून मिळायचेत? किट आलं होतं का, आणि आलं तर स्पर्धेच्या आधी की नंतर? बुडालेलं प्रॅक्टिकल कुणी करून घेतलं? मार लागला तेव्हा दवाखान्यात सोबत कोण गेलं? हा शेवटचा प्रश्न कधी सोडू नका. समोरचा क्षणभर गप्प झाला तर उत्तर मिळालं समजा.

अंतर मोजा, तेही किलोमीटरमध्ये नाही, मिनिटांत. जिल्हा क्रीडा संकुल कुमठा नाक्याला आणि कॉलेज केगावला, म्हणजे शहराची दोन टोकं. त्यात सिटी बसचा भरवसा नाही. घर, कॉलेज, मैदान आणि पुन्हा घर असा त्रिकोण ज्या वेळी जावं लागणार त्याच वेळी एकदा फिरून बघा. दिवसाला दीड तासापेक्षा जास्त रस्त्यात जात असेल तर पहिल्या सत्रात सराव सुटतो, दुसऱ्यात तास. माझा अनुभव आहे, अपवाद फार थोडे.

वसतिगृहात राहणार असाल तर सोलापूरकराला शोभेल असा पहिला प्रश्न विचारा : पाणी किती दिवसाआड येतं आणि टाकी केवढी आहे? संध्याकाळी घामानं चिंब होऊन आल्यावर आंघोळीला पाणी नसेल तर बाकीच्या सोयींना काय करायचंय. दुसरा प्रश्न मेसचा. सराव सुटतो आठला आणि मेस बंद होते साडेआठला, की उशिरा येणाऱ्यांचं ताट झाकून ठेवतात? अंडी, दूध, डाळ किती मिळतं? कडक भाकरी आणि शेंगाचटणीवर माझं प्रेम आहे, पण गोळाफेक करणाऱ्याचं पोट त्यावर भरत नाही.

मुलींच्या पालकांनी आणखी तीन गोष्टी स्वतः बघाव्यात. मैदानाजवळ वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का. दिवे लागल्यावर परतायचा रस्ता कसा आहे. आणि संघ बाहेरगावी जातो तेव्हा सोबत महिला व्यवस्थापक असते का. कॉलेजची अंतर्गत तक्रार समिती असणं कायद्यानं बंधनकारक आहे. तिच्या सदस्यांची नावं फलकावर दिसली पाहिजेत.

हजेरी, परीक्षा आणि कोरं पान

विद्यापीठ स्पर्धांचा हंगाम आणि हिवाळी सत्राच्या परीक्षा एकमेकांना येऊन धडकतात. यातून कुठल्याच कॉलेजची सुटका नाही. कला, वाणिज्य, विज्ञानात प्राध्यापक सांभाळून घेतात, कारण हजेरीचा निर्णय बराचसा कॉलेजच्या हातात असतो. अभियांत्रिकीत प्रॅक्टिकल आणि सबमिशनमुळे ओढाताण होते, पण निभतं. एमबीबीएसला थिअरीला ७५ आणि प्रॅक्टिकलला ८० टक्के हजेरी लागते आणि तिथं गोड बोलून काही होत नाही. डॉक्टर होऊन खेळणारे आहेत, पण राष्ट्रीय पातळीची तयारी आणि पहिल्या वर्षाचं ॲनाटॉमी एकत्र करायचं असेल तर घरात बसून आधी स्पष्ट बोला.

स्वायत्त कॉलेज असेल तर एक फायदा असू शकतो. परीक्षा ते स्वतः घेतात, त्यामुळे स्पर्धेमुळे पेपर बुडाला तर फेरपरीक्षेचा नियम त्यांना स्वतः करता येतो. केलाय का, ते विचारा. "बघू, करू काहीतरी" हा नियम नव्हे. नव्या शैक्षणिक धोरणात सहशालेय अभ्यासक्रमांना श्रेयांक आहेत आणि त्यात खेळही बसतो. पण तुमच्या कॉलेजनं तो पर्याय प्रत्यक्षात ठेवलाय की सगळ्यांना सरसकट एकाच विषयाला बसवलंय, ते दुसऱ्या वर्षाच्या पोरांना विचारा.

माझी एक सवय सांगतो. मी पालकांना कोऱ्या वहीच्या पानावर आठवडा आखायला लावतो. सात रकाने, दिवसाचे चोवीसही तास. कॉलेजचं खरं वेळापत्रक, सरावाच्या दोन वेळा, प्रवास, जेवण, अभ्यास आणि आठ तास झोप. एका कॉलेजसाठी एक पान. ज्या पानावर झोप सहा तासांवर येते ते कॉलेज कितीही नावाजलेलं असो, बाजूला ठेवा.

पैशाचं बोलणं

खेळाडूला फी माफ, वसतिगृह मोफत, असं तोंडी आश्वासन देणारे बरेच भेटतात. पत्र मागा. पत्रात तीन ओळी हव्यात : किती रक्कम, किती वर्षं, आणि दुखापत झाली किंवा संघातून नाव गेलं तर काय. तिसरी ओळ लिहून द्यायला का-कू करत असतील तर ती सवलत एकाच वर्षाची धरा.

मुलींसाठी महत्त्वाचं. २०२४-२५ पासून राज्यात व्यावसायिक अभ्यासक्रमांना आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरातल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींचं शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. पण प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून, म्हणजे कॅपमधून झालेला हवा. "खेळाडू आहे म्हणून मॅनेजमेंटमधून जागा देतो" असं कुणी म्हणालं आणि तुम्ही हुरळून गेलात, तर ही माफी हातची जाते. आधी गणित करा, मग आभार माना.

केंद्र सरकारच्या खेलो इंडिया योजनेत निवड झालेल्या खेळाडूला प्रशिक्षणाखेरीज महिन्याला १०,००० रुपये खर्चाला मिळतात. तुमचं नाव त्यात असेल तर तुमचं मान्यताप्राप्त प्रशिक्षण केंद्र कुठं आहे ते पाहूनच गाव बदला.

फाइल

राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडे होते, आपल्याला त्यासाठी पुणे, हेही माहीत असतं. पडताळणीला नेमकं काय मागतील, हे मात्र तिथं गेल्यावर कळतं. म्हणून प्रत्येक स्पर्धेनंतर त्याच आठवड्यात प्रमाणपत्र, प्रवेशिकेची प्रत, संघाची यादी, निकालपत्रक आणि वर्तमानपत्रातलं कात्रण एकत्र ठेवा. बनावट ट्रॅम्पोलिन प्रमाणपत्रांचं प्रकरण राज्यात गाजल्यापासून तपासणी कडक झाली आहे, आणि झाली ते बरंच झालं. गल्लीतल्या 'ऑल इंडिया ओपन'ची चकचकीत प्रमाणपत्रं भिंतीवर लावा, फाइलमध्ये नकोत.

सोलापूर ओलांडायचं असेल तर

दिल्ली विद्यापीठात खेळाडूंसाठी राखीव जागा आहेत. त्यासाठी सीयूईटी ही केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा द्यावी लागते आणि चाचणीला प्रत्यक्ष जावं लागतं. आयआयटी मद्रासनं २०२४-२५ पासून प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात खेळाडूंसाठी दोन जादा जागा ठेवल्या, त्यातली एक मुलींसाठी. जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय पातळीवरचं किमान एक पदक, दोन्ही लागतं. हा लेख ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यातल्या अगदी वरच्या पोरांसाठी ही सोय मापून शिवल्यासारखी आहे, आणि सोलापुरात मी ज्यांना ज्यांना सांगितलं त्यातल्या कुणीच तिचं नाव ऐकलेलं नव्हतं.

अमेरिकेचं विचारणारे दरवर्षी एक-दोन निघतात. तिथं एनसीएए नावाच्या संघटनेत कॉलेजांचे तीन विभाग आहेत. पहिल्या दोन विभागांत खेळासाठी शिष्यवृत्ती मिळू शकते, तिसऱ्यात मिळत नाही. हार्वर्ड-येलच्या आयव्ही लीगमध्येही खेळाची शिष्यवृत्ती नाही, गरजेनुसार आर्थिक मदत असते. पहिल्या दोन विभागांसाठी एनसीएएच्या पात्रता केंद्राकडे नोंदणी लागते आणि त्यांनी मान्य केलेल्या शालेय विषयांचे गुण नववीपासून मोजले जातात. म्हणजे बारावीनंतर जागं होऊन उपयोग नाही. टेनिस, पोहणं, ॲथलेटिक्स, नेमबाजीवाल्यांनी दहावीतच तिथल्या प्रशिक्षकांना आपली वेळ, गुण आणि छोटी चित्रफीत पाठवायला सुरुवात करावी. कबड्डी, खो-खोवाल्यांनी हा नाद सोडावा.

पसंतीक्रम भरायची रात्र

सगळं बघून झालं की यादी चार-पाच नावांवर येते. प्रत्येक नावापुढं एकच प्रश्न ठेवा : उद्या गुडघा गेला आणि पुन्हा पळता आलं नाही, तर मी इथंच शिकत राहीन का? उत्तर नाही असेल तर ते कॉलेज खाली सरकवा. मग उलटा प्रश्न : शाखा नावडती निघाली, तर निदान मैदानासाठी तरी मी रोज इथं येईन का?

अभियांत्रिकीच्या कॅपमध्ये पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की ते घ्यावंच लागतं. पुढच्या फेरीत बदलू म्हणायची सोय राहत नाही. आणि ती ऑनलाइन यादी तुमच्या खेळाचा विचार करत नाही, तो तुम्हालाच क्रम लावताना करायचा असतो. त्यामुळे पहिल्या क्रमांकावर असं कॉलेज घाला जिथं तुम्ही स्वतः बुधवारी संध्याकाळी जाऊन आलात. फॉर्म लॉक करायच्या आधी त्याची छापील प्रत काढा, घरच्यांनी मिळून वाचा. आणि सायबर कॅफेवाल्याला क्रम बदलायला सांगू नका. शेवटच्या तासाला सर्व्हर बसतो, लाइट जाते, आणि तो घाईत तिसरं कॉलेज पहिलं करून मोकळा होतो.